किनाऱ्याचा फोटो का फसतो?

काही महिन्यांपूर्वी अकरावीतला एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्यापाशी आला. त्याचे घर श्रीवर्धनचे. हातातला मोबाइल पुढे करून त्याने विचारले, “सर, हा फोटो सुधारता येईल का?”

फोटो जानेवारी २०२० मधला होता. किनाऱ्यावरची सुरूची रांग, तिच्याखाली उभे असलेले त्याचे आजोबा, मागे समुद्र आणि मावळतीला टेकत आलेला सूर्य. निदान त्याचे म्हणणे तसे होते. मला जे दिसले ते एवढेच : वरचा अर्धा भाग कोऱ्या कागदासारखा पांढरा, खालचा अर्धा भाग शाई सांडल्यासारखा काळा, आणि त्या काळ्यात माणसाच्या आकाराचे काहीतरी. पुढे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर या पट्ट्यातली सुरूची आणि सुपारीची झाडे हजारोंनी आडवी झाली. फोटोतल्या रांगेतले एकही झाड आज उभे नाही. म्हणजे ‘नवा काढ’ असे सांगून मोकळे होण्याची सोय नव्हती.

“त्या दिवशी मला सगळे नीट दिसत होते. आजोबांचा चेहरासुद्धा. मग फोटोत का नाही?” हा त्याचा दुसरा प्रश्न. तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर कळले की कोणता फोटो सुधारेल आणि कोणता नाही, हे आपोआप कळते.

आपला डोळा एखादा देखावा एका दमात टिपत नाही. नजर आकाशाकडे गेली की बाहुली आकुंचन पावते, सावलीकडे वळली की विस्फारते. बाहुलीचा व्यास साधारण २ ते ८ मिलिमीटर या मर्यादेत बदलतो, म्हणजे आत शिरणाऱ्या प्रकाशात सोळा पटींचा फरक पडतो. शिवाय दृष्टिपटल स्वतःची संवेदनशीलताही कमीजास्त करते. नजर अशी फिरत राहते आणि मेंदू त्या तुकड्यांची एक सलग गोधडी शिवून आपल्यापुढे ठेवतो. कॅमेऱ्याला ही चैन नाही. एकच छिद्र, एकच वेळ, आणि तेवढ्यात सूर्याजवळचे आकाश आणि सुरूखालची सावली दोन्ही टिपायची. या दोहोंच्या तेजात हजार पटींहून अधिक फरक सहज असतो.

कॅमेऱ्यातल्या संवेदकावर लाखो सूक्ष्म घरे असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. पावसात अंगणात ओळीने पेले मांडून ठेवावेत, तशी ही घरे. प्रकाशकण येऊन पडतात, घरात विद्युत्भार साठतो, आणि शटर बंद झाले की प्रत्येक घरात किती साठले याची मोजणी होते. नेहमीच्या फोटोत ही मोजणी ० ते २५५ या आकड्यांत लिहिली जाते. ० म्हणजे काळे, २५५ म्हणजे पांढरे. आता पेला काठोकाठ भरून वाहू लागला, तर पाऊस किती पडला हे त्यावरून सांगता येईल काय? एक इंच जास्त पडला की दहा, दोन्हींची खूण सारखीच : पेला भरलेला. २५५ या आकड्याचे तसेच आहे. आमच्या फोटोतले सगळे आकाश २५५ होते. तिथे ढग होते की नव्हते, सूर्य तांबूस होता की पिवळा, ही माहिती कॅमेऱ्यात कधी आलीच नव्हती. ती कोणत्याही उपायाने बाहेर काढता येणार नाही.

काळ्या भागाची गोष्ट निराळी. तो डोळ्यांना काळा दिसत असला तरी आकडे शून्य नव्हते. आजोबांच्या आकृतीत ते सुमारे ५ पासून ३० पर्यंत होते. पेल्याच्या तळाशी का होईना, थोडे थोडे पाणी होते, आणि तेही वेगवेगळ्या पातळीचे. असे आकडे ताणून मोठे करता येतात. आम्ही ते केले, आणि काळ्यातून आधी खांद्यावरचा पंचा, मग हात, मग चेहरा वर आला. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले म्हणून मी खिडकीबाहेर पाहिले.

चेहरा आला, पण रवाळ आला, जणू कोणी वाळू भुरभुरली आहे. याचे कारण तुमच्या भौतिकीच्या पुस्तकाच्या जरा पुढचे आहे, पण समजायला कठीण नाही. प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एखाद्या घरात सरासरी N कण पडणार असतील, तर प्रत्यक्षात पडणारी संख्या साधारण √N इतकी मागेपुढे होते. जिथे १०,००० कण पडायचे तिथे चूक १०० ची, म्हणजे १ टक्का. ती दिसत नाही. जिथे १०० च पडायचे तिथे चूक १० ची, म्हणजे १० टक्के. शेजारशेजारच्या दोन घरांत एवढा फरक पडला की चेहऱ्यावर रवा दिसणारच. काळ्या भागाला ताणताना आपण माहितीबरोबर ही चूकही तितकीच ताणतो.

इथे व्यवहारातली एक गोष्ट सांगून ठेवतो. विद्यार्थ्याच्या मोबाइलवर होती ती संदेशातून आलेली प्रत. अशी प्रत पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो, आणि त्यात अंधाऱ्या भागातले बारीक फरक आधी बळी जातात. मूळ फोटो त्याच्या आईच्या जुन्या फोनमध्ये सापडला, तेव्हा कुठे चेहरा निघाला. मूळ प्रत जपा. सगळे प्रयोग तिच्या नकलेवर करा.

दोन काचांचा समुद्र

ही अडचण मोबाइलइतकी नवी नाही. फ्रान्समधला छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याला १८५० च्या दशकात नेमकी हीच आडवी आली. त्या काळच्या कलोडियनच्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागे. समुद्र नीट यावा इतका वेळ काच उघडी ठेवली की आकाश पार जळून जाई. ल ग्रेने युक्ती काढली. समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच, दोन्ही वेगवेगळ्या वेळा देऊन घ्यायच्या आणि छापताना क्षितिजाच्या रेषेवर जोडायच्या. भूमध्य समुद्राकाठच्या सेत या गावी १८५७ मध्ये काढलेले त्याचे मोठ्या लाटेचे चित्र या रीतीसाठी प्रसिद्ध आहे. गंमत म्हणजे त्याच्या एकाहून अधिक समुद्रचित्रांत तेच ढग दिसतात!

आजचे बरेच मोबाइल हेच काम न सांगता करतात. बटण एकदा दाबले तरी आत कमी-अधिक प्रकाशाचे अनेक फोटो घेतले जातात आणि आकाश एकातून, जमीन दुसऱ्यातून घेऊन ते जोडले जातात. मोबाइलच्या मांडणीत ‘एचडीआर’ अशी अक्षरे दिसतात ती हीच. किनाऱ्यावर ती सोय चालू ठेवावी. मात्र लाट त्या क्षणभरातही पुढे सरकते, त्यामुळे फेसाच्या कडा कधी दुहेरी येतात. तेवढे तपासून पाहावे.

ही सोय नसेल किंवा अपुरी पडली, तर कॅमेऱ्याच्या भोळेपणाचा उपयोग करून घ्या. कॅमेऱ्याला समोर काय आहे हे ठाऊक नसते. तो गृहीत धरतो की देखावा सरासरी करड्या रंगाचा, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा सुमारे १८ टक्के भाग परत पाठवणारा आहे. म्हणून पांढरा फेस आणि उजळ वाळू भरपूर असली की तो प्रकाश कमी करून त्यांना मळकट करतो, आणि काळा कातळ भरपूर असला की प्रकाश वाढवून त्याला धुरकट करतो. तुम्हांला याच्या उलट वागायचे आहे. वाळू-फेस असेल तर प्रकाश थोडा वाढवा, कातळ असेल तर थोडा घटवा. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकले की त्या जागेनुसार प्रकाश ठरतो, आणि बाजूला येणारी सूर्याची खूण वर-खाली सरकवून तो बदलता येतो. चित्रात सूर्य असेल तर बोट त्याच्याजवळच्या आकाशावर टेका. जमीन काळी दिसली तर भिऊ नका. काळे उजळता येते, जळलेले परत आणता येत नाही. पण या नियमाचाही अतिरेक नको, नाहीतर वर सांगितलेला रवा तुमची वाट पाहतोच आहे. आकाश जळणार नाही इतपतच घटवा.

सूर्य कुठे आहे?

आपल्या कोकणचा किनारा साधारण दक्षिणोत्तर आहे आणि समुद्र पश्चिमेला. याचा अर्थ असा की संध्याकाळी समुद्राकडे तोंड केले की सूर्य कॅमेऱ्याच्या डोळ्यात, आणि सकाळी केले की तो पाठीशी. आमच्या विद्यार्थ्याने हाच फोटो सकाळी आठ वाजता काढला असता तर आजोबांच्या चेहऱ्यावर ऊन असते, मागचे आकाश निळे असते, आणि दोघांच्या तेजातला फरक कॅमेऱ्याच्या आवाक्यात असता. सूर्यास्ताशिवाय किनाऱ्याचा फोटोच नाही, ही समजूत कुठून आली कोण जाणे. तशा फोटोंना मी तरी कंटाळलो आहे.

दुपार मात्र टाळा. श्रीवर्धनचे अक्षांश सुमारे १८° उत्तर. तिथे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच राहते. सावलीच नसली तर वाळूवरच्या लहरी, कातळाच्या भेगा, डोंगराच्या घड्या दिसणार कशाने? पृष्ठभागाचे चढउतार आपल्याला सावल्यांवरून कळतात. ऊन तिरपे असताना एक सेंटिमीटर उंचीची वाळूची लहरसुद्धा उठून दिसते.

तिरप्या उन्हाचा रंगही वेगळा असतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे ३८ पट हवेतून येतो. हवेच्या रेणूंकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. वाटेत निळा गळत जातो आणि आपल्यापर्यंत तांबूस-पिवळा उरतो. सूर्य मावळायला किती वेळ आहे हे पाहायचे तर हात लांब करून मूठ क्षितिजावर धरा. मुठीची रुंदी सुमारे १०°. आपल्या अक्षांशांवर सूर्याला तेवढे उतरायला चाळीसएक मिनिटे लागतात. आणि सूर्य बुडाला म्हणून लगेच कॅमेरा पिशवीत घालू नका. त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत आकाश आणि जमीन यांच्या तेजातला फरक बराच कमी होतो. प्रकाश थोडा असल्याने शटर जास्त वेळ उघडे राहते, म्हणून मोबाइल दगडाला किंवा दप्तराला टेकवून ठेवा.

गॉगलचा प्रयोग

पाण्यावरची चकाकी हा दुसरा शत्रू. तिला हरवायला ध्रुवीकरण कामी येते. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश लंबाशी सुमारे ५३° कोन करून परतत असेल तर तो पूर्णपणे ध्रुवीकृत असतो. (पाण्याचा अपवर्तनांक १.३३, आणि ज्या कोनाचा टॅन १.३३ तो कोन ५३°. स्वतः पडताळून पाहा.) ध्रुवक काच योग्य कोनात फिरवली की ही चकाकी अडते आणि डबक्याचा तळ दिसू लागतो. हिशोब केला तर कॅमेरा दीड मीटर उंचीवर धरला असता पायांपासून दोन मीटरवरच्या पाण्याला हा कोन साधतो. दूरच्या समुद्राला तो साधत नाही, म्हणून तिथे परिणाम कमी.

ध्रुवक विकत आणायलाच हवा असे नाही. काही गॉगलांच्या काचा ध्रुवक असतात. गणकयंत्राच्या पडद्याकडे गॉगलमधून पाहत तो गोल फिरवा. एका स्थितीत पडदा काळा पडला तर काच ध्रुवक आहे. तीच मोबाइलच्या भिंगापुढे धरून फिरवा. आकाशाचा प्रकाशही ध्रुवीकृत असतो, आणि सूर्यापासून ९०° वरच्या पट्ट्यात सर्वांत जास्त. आता कोकणचा किनारा डोळ्यांपुढे आणा. सकाळी-संध्याकाळी सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेला खाली असतो, आणि तुम्ही किनाऱ्याच्या लांबीला, उत्तरेकडे वा दक्षिणेकडे, पाहत असलात की बरोबर त्या पट्ट्यात पाहता. तिथे काच फिरवली की आकाश गडद होते, ढग उठून दिसतात. मावळत्या सूर्याकडे रोखून मात्र ती फिरवून उपयोग नाही. सूर्याकडे गॉगलमधूनही टक लावून पाहू नका.

तिथी पाहून जा

ओहोटीला उघडा पडलेला ओला कातळ, त्यातली डबकी आणि त्यांत पडलेले आकाश यांसारखे चित्र दुसरे नाही. हरिहरेश्वरला देवळामागच्या डोंगरावरून पायऱ्या उतरून गेले की लाटांनी कापून सपाट केलेला बेसाल्टचा विस्तीर्ण कट्टा आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडलेले खडक दिसतात. पण प्रदक्षिणेची वाट त्याच कट्ट्यावरून जाते, आणि भरतीला ती पाण्याखाली जाते. तिथे फोटोच्या नादात माणसे वाहून गेली आहेत. पावसाळ्यात आणि भरतीच्या वेळी तिकडे फिरकू नका, समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका.

भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा हिशोब तुम्हांला ठाऊक असेल. तिथीला पाऊणने गुणायचे. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून दररोज भरती पाऊण-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराला असेल तर ओहोटी सहाच्या सुमारास, म्हणजे नेमकी सूर्योदय-सूर्यास्ताला! त्या दिवसांत उधाण असल्याने पाणी ओसरतेही खूप आणि कातळ सर्वांत जास्त उघडा पडतो. मात्र तेच पाणी अंधार पडता पडता वेगाने परत येते. हा हिशोब अंदाजापुरता; जाण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक पाहा आणि गावातल्या माणसाला विचारा.

धूसर डोंगराचे गणित

आता घरी आल्यावरची कामे. हरिहरेश्वरहून सावित्रीच्या मुखापलीकडे बाणकोटचा डोंगर दिसतो. फोटोत तो नेहमी फिकट राखाडी येतो. आपण आणि डोंगर यांच्यामधल्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात, दमटपणात ते फुगतात, आणि सूर्यप्रकाश विखुरून डोंगराच्या प्रकाशात स्वतःची भर घालतात. समजा, डोंगरावरच्या सर्वांत गडद झाडीचा आकडा १२० आहे आणि सर्वांत उजळ कातळाचा १७०. खरे तर झाडी काळसर हवी. मग त्या भागातल्या प्रत्येक आकड्यातून १२० वजा करा, उरेल त्याला ३ ने गुणा आणि ४० मिळवा. झाडी ४० वर येईल, कातळ १९० वर. डोंगर जवळ आल्यासारखा वाटेल. फोटो सुधारण्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये काळी आणि पांढरी मर्यादा सरकवता येते. ते आतून असलेच गणित करते.

पण हेच सूत्र सगळ्या चित्राला लावले तर काय होईल? पायाजवळच्या ओल्या वाळूचा आकडा ६० असेल तर तो उणे १४० होईल, म्हणजे ठार काळा. जवळच्या वस्तूच्या आड हवा थोडी, म्हणून तिथे वजाबाकीही थोडी. डोंगराचा भाग वेगळा निवडून त्याच्यापुरतेच काम करावे. पावसाने हवा धुऊन निघालेली असताना, पावसाळ्यातल्या उघडिपीला किंवा ऑक्टोबरात सर येऊन गेल्यावर, फोटो काढलात तर या खटाटोपाची गरजच पडत नाही.

क्षितिज सरळ करणे ही सर्वांत सोपी सुधारणा आणि सर्वांत दुर्लक्षित. समुद्राचे क्षितिज तिरके झाले की पाणी एका बाजूने सांडेल असे वाटते. चार हजार पिक्सेल रुंदीच्या चित्रात १° कल म्हणजे दोन टोकांत ७० पिक्सेलचा फरक. चित्र फिरवले की कोपरे कापावे लागतात, म्हणून काढतानाच कडेला थोडी जागा सोडावी.

रंगांबाबत हात आखडता ठेवा. सावित्रीच्या मुखाशी पाणी गढूळ असते. त्याला निळेशार करणारी सोय मोबाइलमध्ये आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही.

आमच्या विद्यार्थ्यानेही विचारले होते, “सर, या पांढऱ्या आकाशाच्या जागी दुसरे घालू का?” घालता आले असते. ल ग्रेनेही घातले होते. मी त्याला एवढेच म्हटले, की मग या फोटोतले आकाश त्या संध्याकाळचे नसेल. त्याने थोडा विचार करून पांढरा भाग जवळजवळ सगळा कापून टाकला. आता त्यात सुरूची खोडे आहेत आणि खांद्यावर पंचा टाकलेले आजोबा आहेत, किंचित रवाळ.

दिवाळीच्या सुट्टीत तो त्याच जागी पुन्हा गेला, सकाळी आठला, सूर्य पाठीशी घेऊन. तिथे आता लावलेली सुरूची रोपे आजोबांच्या खांद्याला आली आहेत. तो फोटोही त्याने मला दाखवला. चेहरा स्वच्छ, आकाश निळे, खालच्या कडेला त्याची स्वतःची लांब सावली. सुधारण्यासारखे त्यात फारसे नव्हते. क्षितिज अर्ध्या अंशाने कलले होते, तेवढे आम्ही सरळ केले.